चौकट नसलेल्या गाडीला काय म्हणायचं?

एका मित्राने मोटारींच्या इतिहासावरचा लेख मराठीत करायला घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात छोट्या गाड्या कशा आखल्या गेल्या, असा विषय. अडलेलं वाक्य त्याने मला पाठवलं: ‘अभियंत्यांनी मागच्या इंजिनाची, चौकटविरहित दाबलेल्या धातूच्या शरीराची मोटार आखली.’ खाली प्रश्न: ‘चौकटविरहित’ बरं, की ‘निश्चौकट’?

दोन्ही नकोत. पण आधी वाक्यातली बाकीची खडी वेचू.

‘शरीर’ पहिलं काढा. माणसाला शरीर असतं, गाडीला बॉडी असते. हा शब्द मराठीत इतका रुळलाय की तो स्त्रीलिंगी झाला, त्याचं ‘बॉडीला पोचा आला’ असं रूप चालतं, आणि कुणालाही खटकत नाही.

‘मागच्या इंजिनाची’ हे जास्त घातक, कारण चूक दिसत नाही. मराठीत ‘मागचा’ जागेचाही असतो आणि काळाचाही: मागचं दार, मागचा महिना. ‘मागच्या इंजिनाची गाडी’ वाचून आधीच्या मॉडेलचं इंजिन बसवलेली गाडी असाही अर्थ निघतो. ‘मागे इंजिन असलेली’ म्हटलं की संपलं. शिवाय मागे म्हणजे कशाच्या मागे, तेही मूळ लेखात पाहून घ्या. मागच्या चाकांच्या आसाच्याही पलीकडे, शेपटीत इंजिन असेल तरच ती ‘मागे इंजिन’ प्रकारातली. आसाच्या अलीकडे असेल तर जाणकार तिला ‘मध्ये इंजिन’ म्हणतात, भले ते चालकाच्या पाठीशी का असेना. पोर्शची १९४८ सालची पहिली गाडी अशी मध्ये इंजिनवाली होती. उत्पादनात जाताना ते आसाच्या मागे गेलं.

‘दाबलेला धातू’ मधला धातू बरोबर असला तरी कारखान्यात कुणी धातू म्हणत नाही, पत्रा म्हणतात. आणि ‘दाबलेला’ म्हटलं की मराठी कानाला आवाज दाबलेला, प्रकरण दाबलेलं आठवतं. तिथली क्रिया अशी: वर-खाली एकमेकांत बसणारे दोन पोलादी साचे, म्हणजे डाय. मध्ये सपाट पत्रा. प्रेस खाली येते आणि पत्रा साच्याचा आकार घेऊन बाहेर पडतो. पत्रा जास्त ताणला तर कोपऱ्यात चिरतो, कमी ताणला तर सुरकुत्या पडतात, आणि नीट निघाला तरी साच्यातून सुटल्यावर थोडा मागे उसळतो. म्हणून डाय बनवणारा तो उसळण्याचा हिशेब धरून वळण आधीच जरा जास्त देतो. नाण्यावर छाप उठवतो तो ठसा. ‘ठशात काढलेला पत्रा’ हे मला ऐकायला फार आवडतं, पण सरळ लिहायचं तर ‘प्रेसमध्ये आकार दिलेला पत्रा’ पुरेसं आहे.

आता चौकट. माझ्या मते इथे शब्दापेक्षा दृष्टी चुकते.

जुन्या गाडीत खाली शिडीसारखी पोलादी चौकट असे: दोन लांब तुळया, मध्ये आडव्या पट्ट्या. इंजिन, चाकं, स्प्रिंगा सगळं तिला जोडलेलं. वर बॉडी नुसती बोल्टांनी बसवलेली. बैलगाडीचा साटा आणि त्यावरचा तट्ट्या, तोच प्रकार. या चौकटीला आपण चासी म्हणतो. शब्द फ्रेंच, तिथेही मूळचा अर्थ चौकट. आपली मोटारीची बरीचशी बोली या बांधणीतून आली आहे. ट्रकची नुसती चासी येते, मग दुसरीकडे तिच्यावर ‘बॉडी बांधतात’. ‘बांधतात’ हे क्रियापदच सांगतं की खाली बांधण्यासाठी काहीतरी आधीपासून उभं आहे.

एकदा गॅरेजात लिफ्टवर चढवलेल्या छोट्या गाडीखाली मी दिवा घेऊन वाकलो होतो आणि तुळया शोधत होतो. मिस्त्रीने हातातला पाना तळाच्या पत्र्यावर टकटक वाजवला आणि म्हणाला, “चासी शोधताय होय? पत्राच चासी आहे याची.” व्याख्या म्हणून मला आजवर याहून नेमकी मिळालेली नाही.

म्हणजे चौकट ‘नाही’ असं नाही. चौकटीचं काम बॉडीने अंगावर घेतलंय. बुटाचा रिकामा खोका घ्या, झाकण काढून दोन्ही टोकांना धरून पिळा: सहज पिळतो. झाकण लावून टोकं चिकटपट्टीने बंद करा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, पण खोका आता जागचा हलत नाही. ताकद पुठ्ठ्याच्या जाडीत नव्हती, सगळ्या बाजू एकमेकींना धरून राहण्यात होती. गाडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो, त्याहून कमीही. पण तळ, बाजू, छत, पुढचा-मागचा पडदा काही हजार स्पॉट, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारून एकमेकांना जोडले की तोच पत्रा इंजिन पेलतो. छप्पर कापून उघडी गाडी करायची तर दाराखालच्या पोकळ पट्ट्या जाड कराव्या लागतात, त्याचं कारण हेच: झाकण गेलं. (त्या पट्टीला मराठीत ‘उंबरठा’ म्हणावं. चढताना पाय ओलांडतो तीच जागा, आणि भारही तीच वाहते.)

मग जी गोष्ट काम करते तिला, जी गोष्ट नाही तिच्यावरून नाव का द्यायचं? सुरुवातीला ठीक असतं, नवी वस्तू जुनीच्या अभावाने ओळखली जाते. बिनघोड्याची गाडी, बिनतारी संदेश. पण ‘बिनतारी’ जाऊन रेडिओ आला, आणि मोटारीला आज कुणी बिनघोड्याची म्हणत नाही.

अशा बॉडीला इंग्रजीत मोनोकॉक म्हणतात. त्या शब्दाकडेच पाहा. ‘मोनो’ ग्रीक, एकच. ‘कॉक’ फ्रेंच, अंड्याचं किंवा अक्रोडाचं कवच, जहाजाची काया असाही अर्थ. आधी हा शब्द विमानाला लागला. १९१२ची देपेरदुसाँ कंपनीची शर्यतीची विमानं, ज्यांचा धडाचा भाग लाकडाचे पातळ थर साच्यावर चिकटवून कवचासारखा केला होता, ‘मोनोकॉक’ म्हणून ओळखली गेली. मोटारीत तो मागाहून आला. काटेकोर बोलायचं तर मोटार अंड्यासारखं निव्वळ कवच नसते, तिच्यात आतून घड्या, पेट्या, पट्ट्या असतातच. तरी नाव टिकलं. जर्मनमध्ये ‘स्वतःला पेलणारी बॉडी’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘स्कोक्का पोर्तान्ते’, म्हणजे भार वाहणारं कवच. कुणीही ‘नाही’पासून सुरुवात केलेली नाही.

मराठीत आपल्याकडे आयता शब्द बांधकामात पडून आहे. आरसीसीच्या इमारतीत खांब-तुळया भार घेतात, भिंत नुसता आडोसा, पाडली तरी चालते. दुसऱ्या प्रकारात छताचा भार भिंतच घेते. तिला पुस्तकात ‘भारवाही भिंत’ म्हणतात. हा फरक गाडीला जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून माझी निवड: भारवाही कवच. ‘एककवची’ हाही मोह झाला होता, एकपात्री, एकपदरीच्या चालीवर. पण छापून पाहिलं तर डोळा आधी ‘एकक’ वाचतो आणि उरलेल्या ‘वची’वर ठेचकाळतो. ‘सांगाडा’ मात्र टाळाच. हाडं आतून आधार देतात, इथे आधार सालीचा आहे, अगदी उलट. करवंटीला हाडं नसतात.

लेखात पुढे उदाहरणं येतीलच. तिथे एक गल्लत टाळा: मागे इंजिन आणि भारवाही कवच ही जोडी नेहमीची, पण अटळ नाही. रेनोची १९४६ साली पॅरिसला दाखवलेली ४सीव्ही दोन्हींत बसते. फियाटची १९५५ची ६०० देखील: दान्ते जाकोझाची आखणी, ६३३ सीसीचं इंजिन शेपटीत, चार माणसं, आणि लांबी सव्वातीन मीटरच्या आत. इंजिन मागे असल्याने चाकं फिरवणारा दांडा तळाखालून मागच्या चाकांपर्यंत न्यावा लागत नाही, त्यामुळे एवढ्याशा गाडीत पायाला जागा उरते. उलट फोक्सवागनच्या बीटलचं इंजिन मागे, पण बॉडी वेगळ्या तळावर बोल्टांनी बसवलेली. आणि सित्रोएनची १९३४ची ट्रॅक्सिऑन अवाँ भारवाही कवचाची, पण इंजिन पुढे.

मागे इंजिन असलेल्या गाड्यांत सामान पुढे ठेवतात, तेव्हा ‘बॉनेट उघडून बॅग ठेवली’ हे वाक्य आलं तर वाचक दचकेल. ‘पुढची डिकी’ लिहा. डिकी हा शब्द मुळात मागच्या उघड्या आसनाचा. तो सामानाच्या कप्प्याला चिकटला तेव्हाच घसरला होता, आता आणखी चार हात पुढे सरकला तर काही बिघडत नाही.

तर वाक्य असं: ‘अभियंत्यांनी मागे इंजिन असलेली, प्रेसमध्ये आकार दिलेल्या पत्र्याच्या भारवाही कवचाची मोटार आखली.’ पहिल्यांदा येईल तेव्हा ‘म्हणजे मोनोकॉक’ एवढं जोडा, पुढे नुसतं ‘कवच’ चालेल.

मित्राचा लगेच उलट प्रश्न आला: मग लेखाच्या शेवटी नोंदणीच्या कागदावरचा ‘चासी नंबर’ आहे, त्याचं काय करू? तो तसाच ठेवा. गाडीला चासी नाही, पण चासी नंबर आहे, आणि तो त्या पत्र्यावरच ठोकलेला असतो.