कम्युनिस्ट राजवट पडल्यावर जुन्या अधिकाऱ्यांना खरंच घरी बसवलं का?

तुम्ही विचारलंय की १९८९ नंतर पूर्व युरोपात जुन्या राजवटीतल्या साहेब लोकांना सरकारातून काढलं का, आणि कोणाला काढायचं हे ठरवलं कशावरून. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी होती. पोलंडने आधी झालं गेलं विसरा म्हटलं आणि मग पुढची पंधरा-वीस वर्षं तेच उगाळत बसले, पूर्व जर्मनीला रिकाम्या खुर्चीत बसवायला पश्चिमेकडून तयार माणूस मिळाला त्यामुळे त्यांचं सोपं होतं. मी चेकोस्लोव्हाकियाचं सांगतो, कारण नोकरीनिमित्त तिथल्या ब्र्नो शहरात होतो तेव्हा या विषयावरून जेवणाच्या टेबलावर लोकांना चांगलं हमरीतुमरीवर येताना पाहिलंय आणि तेव्हापासून वाचायचा नाद लागला.

तिथे ऑक्टोबर १९९१ मध्ये लस्ट्रेशनचा, म्हणजे जुन्या राजवटीतल्या लोकांना सरकारी पदांवरून गाळण्याचा, कायदा आला. यात तुरुंग वगैरे काही नाही, फक्त मंत्रालयातली वरची पदं, सैन्य, पोलिस, न्यायाधीश, सरकारी टीव्ही-रेडिओ, सरकारी कंपन्यांचे संचालक अशा जागांवर बसायचं असेल तर गृहखात्याचा दाखला आणायचा की मी कायद्याने बंदी घातलेल्यांच्या यादीतला नाही. निवडणुकीला मात्र कोणीही उभं राहू शकत होतं. साधे पक्षसदस्य यात धरलेच नाहीत, धरले असते तर सतरा लाखांच्या आसपास माणसं गेली असती आणि ऑफिसं ओस पडली असती. गंमत म्हणजे कायदा झाला तेव्हा पंतप्रधान होते मारियान चाल्फा, जे १९९० च्या जानेवारीपर्यंत स्वतःच कम्युनिस्ट पक्षात होते!

आता खरी मेख. यादीत दोन जातीची माणसं होती. एक म्हणजे पदावरची, जिल्हा पातळीपासून वरचे पक्षाचे सेक्रेटरी, पक्षाच्या सशस्त्र मिलिशियातले लोक, गुप्त पोलिसांचे नोकर. यात वाद कमी, कारण पद लपवता येत नाही, आणि कायदा करणाऱ्यांनी डोकंही चालवलं होतं, राजवट सैल करू पाहणाऱ्या पक्षप्रमुख दुबचेकच्या काळात म्हणजे जानेवारी १९६८ ते मे १९६९ एवढ्यातच जे सेक्रेटरी होते त्यांना सूट दिली. दुसरे म्हणजे गुप्त पोलिसांचे खबरे. आणि खबऱ्या कोण हे ठरवायचं कशावरून, तर त्याच गुप्त पोलिसांच्या रजिस्टरवरून! त्यात डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्या प्रमुखाने, लोरेन्त्सने, फायली नष्ट करायचा हुकूम दिलेला, त्यामुळे बऱ्याच जणांचं रजिस्टरात नाव आहे पण आतली फाईलच नाही, म्हणजे नाव लागलं तर खोडून काढायला कागद कुठून आणणार? ज्यांना खबऱ्या करायचा नुसता विचार चालला होता त्यांचीही नावं त्यात होती, अनेकांना तर पत्ताही नव्हता. हा नुसत्या विचारातल्यांचा प्रकार घटना न्यायालयाने नोव्हेंबर १९९२ मध्ये रद्द केला.

यान काव्हानचं उदाहरण बघा. लंडनमध्ये राहून बंदी घातलेली पुस्तकं चोरून मायदेशी पाठवणारा हा माणूस. मार्च १९९१ मध्ये, म्हणजे कायद्याच्याही आधी, संसदेत जाहीर केलं की हा खबऱ्या आहे, कारण काय तर विद्यार्थी असताना लंडनमधल्या चेकोस्लोव्हाक वकिलातीतल्या एकाशी भेटीगाठी, आणि तो वकिलातवाला निघाला गुप्त पोलिसांचा. खासदारकीचा राजीनामा द्या म्हणाले, याने दिला नाही, कोर्टात भांडत बसला आणि १९९६ ला निर्दोष सुटला, पुढे १९९८ ला परराष्ट्रमंत्रीही झाला. पण ज्यांच्याकडे वकील, पैसा, ओळखी नव्हत्या त्यांचं काय झालं असेल? १९९२ मध्ये तर एका पेपरने लाखाच्या वर नावं परस्पर छापून टाकली, जन्मतारीख आणि टोपणनावासकट, लोक त्यात आपला शेजारी, आपला मेहुणा शोधायला लागले. सुक्याबरोबर ओलंही जळलं ते असं.

म्हणून माझं मत विचाराल तर पदावरून काढा, खबऱ्यांच्या रजिस्टरवरून नको, आणि मुदत ठेवा. या कायद्याची मुदत मुळात पाच वर्षांची होती, ती आधी एकदा वाढवली आणि मग २००० मध्ये बेमुदत केली, राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी दोन्ही वेळा नकार दिला तरी संसदेने रेटून नेला. १९९३ मध्ये देशाचे चेक आणि स्लोव्हाकिया असे दोन भाग झाल्यावर स्लोव्हाकियाने तो राबवलाच नाही, १९९६ ला आपोआप संपला. आणि चेकमध्ये मंत्र्यांना दाखल्याची अटच २०१४ मध्ये काढून टाकली, ज्या वर्षी आंद्रेय बाबिश अर्थमंत्री झाले, ज्यांचं नाव स्लोव्हाकियातल्या फायलींमध्ये गुप्त पोलिसांचा एजंट म्हणून आहे आणि जे ते सतत नाकारत आलेत. २०१७ ला ते पंतप्रधान झाले. खालच्या साहेबाला दाखला लागतो, मंत्र्याला नाही, आता बोला!