क्लच बसला म्हणून पाच वर्षांचा हप्ता घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका वाचकाकडे २०१३ चं डिझेल पिकअप आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायचे आणि हंगामात मार्केट यार्डात कांदा आणायचा, हे त्यांचं काम. सकाळी पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते. क्लच दोन-तीनदा पटापट मारला की गिअर पडतो. क्लचच्या डब्यातलं ऑइल पंधरा दिवसांत बोटभर उतरतं. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट टाकू, २४ हजार. शोरूमवाला म्हणतो, जुनी गाडी १ लाख ६० हजारांना द्या, १ लाख रोख भरा, ७ लाखांचं कर्ज सहा टक्क्यांनी, हप्ता १५,१६७. "काय करू?"

दादा, नव्या गाडीचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि ते २४ हजारही आत्ताच देऊ नका. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर माझी सगळी मदार आहे: "भरलेली गाडी ओढायला काही कुरकुर नाही."

क्लच प्लेट झिजली की गाडी घसरते. लोड घेऊन पुलावर चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग धरत नाही, जळका वास येतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तुमचा क्लच सुटत नाही, आणि पेडल मारलं की सुटतो. झिजलेली प्लेट पेडल मारून सुधारत नाही. पेडलचा दाब ऑइलच्या लाइनमधून क्लचपर्यंत जातो. पेडल मारल्यावर फरक पडतो याचा अर्थ त्या लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा ऑइल गळतंय. ऑइल उतरतंय हे तर तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दोष प्लेटकडे कमी, या लाइनच्या दोन टोकांना असलेल्या सिलेंडरांकडे जास्त दिसतो: पेडलजवळचा मास्टर ऑइल ढकलतो, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह त्या दाबाने क्लच सोडवतो.

हे मी मेकॅनिक म्हणून सांगत नाही. माझ्या जुन्या जीपला नेमकं हेच झालं होतं. एका गॅरेजवाल्याने (नाव राहू द्या) पूर्ण सेट बदलला, आणि आठव्या दिवशी गिअर पुन्हा अडला. शेवटी निघालं काय, तर खालच्या सिलेंडरमधलं अंगठ्याएवढं रबर. तेव्हापासून कुठल्याही दुरुस्तीचा आकडा ऐकला की मी आधी विचारतो, दोष कुठे आहे ते दाखवा.

तुम्हीही बघू शकता. रविवारी सकाळी गाडी थंड असताना खाली वाका. गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेरून स्लेव्ह सिलेंडर बसवलेला असेल तर त्याच्या टोकाचं रबरी बूट बोटाने जरा मागे सरकवा. आत ओलं लागलं तर स्लेव्हचं सील गेलं. मग केबिनमध्ये पेडलच्या वर, मास्टर सिलेंडरचा दांडा आत जातो तिथे हात फिरवा. तिथे ओल असेल तर मास्टर गेला. दोन्हीकडे कोरडं असेल तर लाइनचे जोड आणि होस तपासा. ऑइल उतरत नसतं आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असतं, तर मास्टर आतल्या आत सोडतोय असं मी म्हटलं असतं. तुमचं तसं नाही. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डब्यातून जातं. तुमचं तसं असेल तर प्रश्न ब्रेकचाही आहे, रविवारचीही वाट बघू नका. आणि टोपणावर डॉट ३ किंवा डॉट ४, जे लिहिलं असेल तेच ऑइल टाका. घाईत कुणी इंजिन ऑइल ओतलं तर सगळी रबरं फुगतात.

दोन्ही सिलेंडर, होस आणि हवा काढून देण्याचे ६,५०० तुम्हाला दुसऱ्या गॅरेजने सांगितले आहेत. हे काम करा, आणि दोन्ही सिलेंडर एकदमच बदला. रबरं एकाच वयाची असतात, एक गेलं की दुसरं फार दिवस काढत नाही. जुने पार्ट परत मागून घ्या. अपवाद एकच: तुमच्या गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत बसवलेला निघाला तर तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा मात्र प्लेट आणि बेअरिंग त्याच मजुरीत उरकणं शहाणपणाचं, मग २४ हजारही महाग म्हणणार नाही. विम्यातून यातलं काही मिळेल ही आशा धरू नका, झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही.

आता शोरूमचं गणित. ते "सहा टक्के" फ्लॅट आहेत. ७ लाखांवर पाचही वर्षं पूर्ण रकमेचं व्याज लावलं तर २ लाख १० हजार होतं, एकूण ९ लाख १० हजार भागिले ६०, म्हणून हप्ता १५,१६७. मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जाणार, पण व्याज शेवटपर्यंत ७ लाखांवरच. बँकेच्या घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळपास अकरा टक्के पडतो.

डिझेल, टायर, दुरुस्ती, हमाली जाऊन तुमच्या हातात सरासरी ३२ हजार उरतात, घरखर्च २४ हजार. म्हणजे शिल्लक ८ हजार. नव्या गाडीने गेल्या वर्षीचा ३८ हजारांचा दुरुस्ती खर्च पूर्ण वाचेल असं मानू, महिन्याला ३,१६७. मायलेजमध्ये दीड हजार वाचतील असं तुम्ही म्हणता, तेही धरू. तरी हप्त्यासाठी खिशातून १०,५०० जाणार. दर महिन्याला अडीच हजारांची तूट, आणि ती भरून काढायला तुमची १ लाखाची एफडीही उरलेली नसेल, ती रोख भरण्यातच गेलेली असेल. कर्ज फिटेपर्यंत पूर्ण विमा काढावा लागेल, तो खर्च यात धरलेलाच नाही. डिसेंबर-जानेवारीत कांद्याने यार्ड भरलं की तुम्ही हप्ता सहज भराल. यंत्रमाग थंडावले की गठ्ठे थांबतात, हप्ता थांबत नाही ना.

गाडी कधीच बदलू नका असं मी म्हणत नाही. आठ वर्षं उलटल्यावर व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ते तुम्ही करताच आहात. २०२८ मध्ये पंधरा वर्षं भरली की फी चांगलीच चढते. तीच तारीख डोळ्यापुढे ठेवा. आजपासून ८ हजारांपैकी ३ हजार गाडीच्या वेगळ्या खात्यात, ५ हजार आरडीत. तीस महिन्यांत व्याज सोडून दीड लाख होतात, एफडी जागेवरच.

त्या पैशात मी तुम्हाला कोरी गाडी घ्या म्हणणार नाही. तुमचं काम शहराच्या आसपासचं, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरचं. तीन-चार वर्षं वापरलेलं पिकअप साडेपाच लाखांना मिळालं, जुन्याचे सव्वा लाखाच्या आत, म्हणजे १ लाख २० हजार आले असं धरा. कर्ज उरतं २ लाख ८० हजार. जुन्या गाडीच्या कर्जाला दर जास्त असतो, १४ टक्के धरला तरी तीन वर्षांचा हप्ता ९,५७० येतो. आजच्या तुमच्या शिलकीत तो जवळजवळ बसतो, थोडा ताण राहील.

एकच गोष्ट हा हिशोब उलटवू शकते. गाडी लिफ्टवर घेतल्यावर चेसिस गंजलेली दिसली किंवा इंजिन उघडायची वेळ आली, तर वर पैसे घालत बसू नका, विका. तेव्हाही आधी क्लच नीट करून घ्या. गिअर न पडणाऱ्या गाडीचा भाव गिऱ्हाईक पाडूनच मागतं. शोरूमचा एक्स्चेंजचा आकडा आणि बाहेरच्या दोन एजंटांचे आकडे शेजारी ठेवून बघा.

रविवारी ते रबर ओलं निघालं की कोरडं, एवढं कळवा. सगळंच कोरडं निघालं तर मात्र २४ हजारांवर पुन्हा बोलू.