मुक्कामी गाडीची रात्र

‘माई, सलाम. मी पन्नाशीची, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते. मागच्या पावसाळ्यात रात्री छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. दफनाला सगळी मंडळी आली, पाळकसाहेबांनी चांगला संदेश दिला, मीही खंबीर उभी राहिले. आता आठ महिने झालेत आणि उलट मी खचत चाललेय. नणंद म्हणते, “दादा प्रभूजवळ आहे, मग रडायचं कशाला वहिनी? हा अविश्वास झाला.” महिला मंडळातही तेच, आनंद करा, आनंद करा. पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरला, पहाटे सगळे कबरस्थानात गेलो, मेणबत्त्या लावल्या, गीत सुरू झालं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. घरी मी न्हाणीत नळ सोडून रडते, बारावीतल्या मुलीला कळू नये म्हणून. त्यांचा खाकी शर्ट अजून खुंटीला आहे. कधीकधी वाटतं, आपणही लवकर त्यांच्याकडे जावं. माझी आशा खोटी आहे का? एकानं तर सांगितलं, वर नवरा-बायको असं काही नसतं. मग मी वाट कुणाची बघते? ते मुक्कामी गाडीवर असले तरी मला एवढं रिकामं कधी वाटलं नाही.’

ताई, सलाम.

बाकी सगळं नंतर. आधी ते एक वाक्य. ‘लवकर त्यांच्याकडे जावं’ हे तुम्ही आठवणीनं गलबलून लिहिलंय, की खरोखर जीव संपवायचे विचार येतात? तसं असेल तर हे वाचणं इथंच थांबवा आणि आजच्या आज जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा. कुणाला सांगावंसं वाटत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर लावा. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री उचलतात, मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. डॉक्टरकडे गेलं म्हणजे प्रार्थना कमी पडली असं कुणी म्हटलं, तर त्यांना आठवण करून द्या की प्रेषित पौलासोबत फिरणारा लूक वैद्य होता.

आणि नुसती ओढ असेल, तर त्या ओढीत तुम्ही एकट्या नाही. फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिताना पौल कबूल करतो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ जावं असं मला फार वाटतं. पण लगेच पुढे म्हणतो, तुमच्यासाठी मी इथं राहणं जास्त गरजेचं आहे. कैदेत बसलेला माणूस हे लिहितोय. तुमच्या घरात बारावीला बसलेली एक पोर आहे. यापुढे मी काही बोलत नाही, तुम्हाला कळलं.

आता नणंदबाईंचं. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचाही भाऊ गेलाय आणि काही माणसांना स्वतःचं रडू दाबायला दुसऱ्याचं दाबावं लागतं. पण त्या सांगतात ते शास्त्रात, म्हणजे बायबलात, नाही. ज्या वचनाचा आधार घेऊन लोक असं बोलतात, ते पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं. नव्या करारातल्या सगळ्यांत जुन्या लिखाणांपैकी ते एक पत्र. तिथली माणसं मरायला लागली होती आणि मागे राहिलेले गोंधळले होते. पौल त्यांना म्हणतो, ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा तुम्ही खेद करू नये. वाक्य नीट वाचा. ‘खेद करू नये’ इथंच तो थांबला असता तर नणंदबाई बरोबर. तो थांबलेला नाही. ‘त्यांच्यासारखा’ करू नका म्हणतो, म्हणजे तुम्ही खेद करणारच हे त्यानं धरूनच ठेवलंय. आपल्याकडे ते वचन अर्ध्यावर तोडून बायकांच्या अंगावर टाकायची सवय आहे. (पुरुषांना कुणी सांगत नाही, कारण ते रडताना दिसतच नाहीत.)

आणि मग लाजर, मार्था आणि मरीयेचा भाऊ, ज्याला येशूनं मरणातून उठवलं. ही गोष्ट तुम्ही शब्बाथ शाळेपासून ऐकलीय, तरी पुन्हा एकदा सावकाश वाचा. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. येशूला निरोप पोचला, तरी तो दोन दिवस होता तिथंच राहिला. बेथानीला आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था म्हणाली, प्रभू, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. मरीयाही नेमकं तेच म्हणाली. तक्रारच ती. दोघींना त्यानं एका शब्दानं झापलं नाही. मार्थेला तो म्हणाला, पुनरुत्थान व जीवन मीच आहे. म्हणजे थोड्या वेळात काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी कबरेच्या वाटेवर तो रडला. मी कितीदा विचार केलाय, का रडला? पाच-दहा मिनिटांत ज्याला हाक मारून उठवायचं, त्याच्यासाठी कोण रडतं? मला इतकंच कळतं, की पुढे काय होणार हे पक्कं माहीत असणं आणि आत्ता रडू येणं, ही दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात. त्याच्यात राहिली, तर तुमच्यात का नाही राहणार?

महिला मंडळाचा आनंद तर फिलिप्पैच्या पत्रातूनच येतो. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.’ पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याची हकीकत आहे. तो मरणाच्या दारात गेला होता. तो वाचला, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून, असं पौल लिहितो. बघा, आनंदाचं पत्र लिहिणारा माणूस, मरणात लाभ आहे असं पहिल्याच अध्यायात म्हणणारा, मित्र गेला असता तर ‘चला, प्रभूजवळ गेला’ म्हणून टाळ्या वाजवणार नव्हता. त्याचा आनंद म्हणजे हसरा चेहरा नव्हता. विहिरीला वरून गाळ दिसतो आणि झरा खाली वाहत असतो, तसला काहीतरी तो असावा. तुम्हाला आत्ता तो जाणवत नाही, म्हणून आटला असं मी म्हणणार नाही.

आपल्याच मुलखातलं सांगते. पंडिता रमाबाई. दुष्काळानं आई, वडील, थोरली बहीण नेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा, मांडीवर लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं, आणि ज्या लेकीवर सगळी भिस्त, ती मनोरमा १९२१ साली चाळिशीत गेली. बाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या, ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. आपल्याकडे रमाबाईंचा विश्वास सांगताना हे सगळं एका दमात सांगतात, जणू प्रत्येक मरणानंतर त्या उठून कामालाच लागल्या. त्या रडल्या नसतील असं मला कुणी सांगू नये. पहाटे हिब्रू शब्दाला मराठी शब्द शोधताना डोळे पुसले नसतील असं तर मुळीच नाही.

‘वर नवरा-बायको नसतात’ हे ज्यानं तुम्हाला ऐकवलं, त्याला मी वेळ-काळ शिकवली असती. वचन आहे, खोटं बोलले नाहीत ते. पण ते कुणाला दिलेलं उत्तर आहे? पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकींना. सात भावांनी एकीशीच लग्न केलं तर ती वर कुणाची, असा कुचकट प्रश्न घेऊन ते आले होते. लग्नाची इथली रीत तिथं लागत नाही, एवढंच प्रभूनं सांगितलं. माणसं एकमेकांना अनोळखी होतील असं कुठं म्हटलंय? दर रविवारी मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणतो. धुरासारखं काहीतरी वर तरंगत राहील असं म्हणत नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. तिबिर्याच्या समुद्राकाठी त्यानं निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावलं. कबरेजवळच्या बागेत त्याची शिष्या मरीया मग्दालीया त्याला माळी समजली, आणि ओळख पटली कशावरून? त्यानं तिला नावानं हाक मारली, ‘मरीये’. तुमचे मिस्टर तुम्हाला कशी हाक मारायचे, ते मला लिहू नका. ते तुमचं आहे. फक्त विसरू नका.

तुम्ही मुक्कामी गाडीचं लिहिलंत ते वाचून मी जरा थांबले. संध्याकाळी गाडी कुठल्याशा गावाला जायची, ते तिथंच झोपायचे, पहाटे गाडी निघायची. त्या रात्री घरात एक जागा रिकामीच असायची. जुन्या ख्रिस्ती लोकांनी कबरस्थानाला ग्रीक भाषेत जो शब्द घेतला, त्याचा अर्थ निजायची जागा. आपलं शास्त्रही ‘झोपी गेलेले’ म्हणतं. ही रात्र त्या रात्रींपेक्षा फार लांब आहे, आणि ‘सकाळी येतील’ असं बोलून ती मी तुम्हाला लहान करून दाखवणार नाही. मला विचाराल तर तुमची आशा खोटी नाही, थकली आहे. वाट बघणारं माणूस थकतंच.

आता थोडं घरातलं. तो नळ बंद करा. मुलीसमोर रडा. तिचाही बाप गेलाय, आणि आई रडत नाही म्हटल्यावर तीही कुठेतरी तोंड दाबून रडत असेल. खाकी शर्ट राहू द्या खुंटीला, घाई कसली. मंडळीत गीत सुरू झालं आणि शब्द फुटला नाही तर बसून राहा. बाकीचे गातायत ना, तेवढ्यापुरतं त्यांना तुमच्या वाटचंही गाऊ द्या, मंडळी असते कशासाठी? घरी प्रार्थनेला शब्द सापडत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, एक ओळसुद्धा वर येत नाही, आणि तरी ते आपल्या शास्त्रात आहे. पाळकसाहेबांना एकदा एकटं गाठून हेच सगळं सांगा. दफनाच्या दिवशी सगळे असतात, आठव्या महिन्यात कुणी विचारत नाही, हे त्यांच्या कानावर जायलाच हवं.

आणि नणंदबाई पुन्हा आल्या की चहा टाका, जवळ बसवा, आणि योहान ११:३५ वाचायला द्या. ‘येशू रडला.’ दोनच शब्द आहेत, वेळ लागायचा नाही.

तुमची,
माई