तलफ, थरथर आणि मेंदूचा उलटा रेटा

या वेळच्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कॉफी, सिगारेट, दारू अशा पदार्थांनी मेंदूला रोज एका बाजूला ढकललं, की तो हळूहळू उलट्या बाजूने रेटा लावायला शिकतो. पदार्थ बंद केला तरी तो रेटा काही दिवस तसाच उरतो. त्यालाच आपण विड्रॉवल म्हणतो.

प्रश्न : कामाच्या दिवशी मी चार कप कॉफी पिते. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठते, कॉफी राहून जाते आणि दुपारी डोकं ठणकतं. पित्त असेल का?

वर्णनावरून कॉफीच वाटते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि त्याच्या ठरलेल्या रिसेप्टरवर बसलं की पेंग येते. कॅफीन ती जागा आधीच अडवतं. थकवा असतोच, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. यावर मेंदू रिसेप्टर वाढवून तोड काढतो. मग कॅफीन चुकलं की ॲडेनोसिनला मोकळं रान मिळतं, आक्रसलेल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकू लागतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत हे सुरू होतं आणि २ ते ९ दिवस टिकू शकतं. कमी करायची असेल तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप घटवा. डोकेदुखीच्या गोळीचं वेष्टनही वाचा. काही गोळ्यांत कॅफीन असतं, आणि मग सोडलेलं मागच्या दाराने परत येतं.

प्रश्न : सिगारेट सोडून दोन आठवडे झाले. आता नेहमीच्याच तीन कप कॉफीने छाती धडधडते, झोप उडते. शिवाय निकोटिन गमने घसा जळतो आणि उचक्या लागतात.

धडधडीचा दोष बहुधा कॉफीचा. धुरातल्या टारमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि तेच कॅफीन मोडतं. धूर थांबला की काही दिवसांत ते मंदावतं, आणि तेवढ्याच कॉफीने रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. कॉफी निम्मी करा. त्यानेही धडधड थांबली नाही तर तपासून घ्या. क्लोझापिन, ओलान्झापिन किंवा थिओफिलिन चालू असेल तर सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा, कारण त्यांचा डोसही याच कारणाने जड होतो.

गम मात्र तुम्ही च्युइंगगमसारखा चघळताय. तिखट झिणझिणी येईपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिणी गेली की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जायला हवं. लाळेबरोबर गिळलेलं घसा-पोट जाळतं आणि त्यातलं बरंचसं यकृतातच संपतं. आधी १५ मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस नको, आंबटपणात ते नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २.

प्रश्न : वडील बारा वर्षं रोज रात्री जवळपास पाऊण बाटली व्हिस्की पितात. आता “उद्यापासून एकदम बंद” म्हणतात. घरातल्या बाटल्या ओतून टाकू का?

ओतू नका, आधी डॉक्टर गाठा. त्यांचा निर्धार चांगला आहे, पद्धत जिवावर बेतू शकते.

मेंदूतल्या रसायनांपैकी गाबा हा ब्रेक आणि ग्लुटामेट हा ॲक्सिलरेटर. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सोडवते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबून धरतो. दारू अचानक काढली की गाडी सुसाट सुटते. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, नाडी पळते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो : माणसं ओळखू येत नाहीत, अंगावर किडे फिरताना दिसतात, ताप आणि रक्तदाब चढतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही होतो. घरचे फसतात ते दुसऱ्या दिवशी. थरथर थोडी कमी दिसते, “सुटली एकदाची” म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.

डॉक्टर मेंदू शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातली गोळी देऊन काही दिवसांत ती उतरवत नेतात. सोबत थायमिन म्हणजे बी-१, बहुतेकदा इंजेक्शनने, कारण पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही. थायमिनआधी ग्लुकोजची सलाईन लावली तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून दारूबद्दल लपवू नका. रोज किती, शेवटचा पेग केव्हा, पूर्वी सोडताना फिट आली होती का, एवढं कागदावर लिहून न्या. फिट आलेली असेल तर घरी प्रयोग नकोच, भरतीच करा.

प्रश्न : काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी दारू लवकर उतरते?

नाही. रक्तातलं प्रमाण तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. १५० वर असलेल्याला दहा तास लागतात. कॉफीने तो फक्त जागा राहतो आणि गाडी चालवायला जातो.

प्रश्न : भाऊ हेरॉइन सोडून तीन महिन्यांनी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. धोका टळला ना?

हाच काळ सर्वात नाजूक. मेंदूच्या बुडाशी, ब्रेनस्टेममध्ये असलेलं श्वासाचं केंद्र अफूजन्य पदार्थांनी मंदावतं. रोज घेणाऱ्याचं ते केंद्र बरंच सरावलेलं असतं, आणि हा सराव आठवड्यांतच जातो. तलफ मात्र जुनीच राहते. पाय घसरला आणि त्याने जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर थोड्यानेही.

डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, निळसर ओठ, घशात घरघर आणि हलवूनही जाग नाही, हे दिसलं की “झोपू दे” म्हणू नका. घरघर म्हणजे घोरणं नव्हे. रुग्णवाहिका बोलवा. श्वास नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून दर ५-६ सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या आणि छाती उचलली जाते का ते पाहा. छाती दाबायला फोनवरून सांगितलं तर तेही करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नॅलोक्झोनचा, म्हणजे अफूजन्य पदार्थांचा असर उलटवणाऱ्या औषधाचा, स्प्रे हाताशी असेल तर नाकात मारा, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटंच टिकतो. पदार्थ त्यापेक्षा जास्त वेळ शरीरात राहू शकतो, म्हणून भाऊ उठून “मी ठीक आहे” म्हणाला तरी त्याला एकटं सोडू नका.