घरात चटणी-भाजणीचा धंदा, महापालिका कुठपर्यंत अडवू शकते?

प्रश्न: नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहतो. मी घरी चटणी, भाजणी, उपवासाचं पीठ करून विकते, एक हॉर्सपॉवरची घरघंटी आहे, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. उन्हाळ्यात काम वाढलं की एक मावशी हाताखाली येतात. आता खालच्या मजल्यावरचे काका म्हणतायत रहिवासी भागात धंदा चालतच नाही, महापालिकेत तक्रार करतो, येऊन सील ठोकतील. खरंच असं होतं का?

उत्तर: ताई, काकांचं पहिलंच वाक्य चुकीचंय. मुंबईसारखी थोडी ठिकाणं सोडली तर राज्यभर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली आहे, इंजिनिअर लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात, आणि रहिवासी झोनमध्ये काय काय चालतं त्या यादीतच घरगुती उद्योग आहेत. शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं अशी उदाहरणं दिलीत आणि पुढं इत्यादी आहे, त्यामुळं चटणी-भाजणीही त्यात बसते असं माझं स्पष्ट मत आहे. मोटर चालते, फक्त विजेचा एकूण लोड ०.७५ किलोवॅटच्या पुढं जायला नको. तुमची घरघंटी साधारण तेवढ्यातच बसते, पण मिरचीसाठी दुसरं मशीन शेजारी लावलंत की हिशोब बिघडला.

तुमची कच्ची बाजू म्हणजे मावशी. नियमात घरातल्याच माणसांनी, पगारी माणूस न ठेवता, असं लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही, दोन बायकांनी मिळून कुरडया घातल्या तर शहराचं काय बिघडतं, पण आज नियम तसा आहे आणि तक्रार झाली तर बोट तिथंच ठेवतील. मावशी त्यांच्या घरी निवडणं-भाजणं करून देत असतील तर मार्ग निघतो, बघा जमतंय का.

आता सीलचं. धंदा करायचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं दिलाय, त्यावर लोकहितासाठी वाजवी बंधनं घालता येतात, पण ती कायद्यानं, कुणाच्या मनाला आलं म्हणून नाही. महापालिकेचे अधिकार १९४९ च्या महापालिका अधिनियमातून येतात आणि परवान्याचं कलम ३७६ आहे, ते मुख्यतः जीवाला, आरोग्याला, मालमत्तेला धोका किंवा लोकांना उपद्रव होईल अशा धंद्यांसाठी. त्यामुळं कुणी आलंच तर भांडू नका, नोटीस लेखी मागा, कुठलं कलम ते विचारा आणि मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्या. नुसत्या तोंडी धमकीवर पैसे तर अजिबात देऊ नका. मात्र उपद्रवाचा मुद्दा खरा असेल तर महापालिकेचा हात तिथं पोचतो आणि तो पोचायलाच हवा, खाली म्हातारी माणसं असतील आणि दुपारभर घरघर चालू असेल, मिरचीचा खाट जिन्यात उतरत असेल तर काकांचंही ऐकायला पाहिजे. रहिवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री १० ते सकाळी ६ फक्त ४५. घरघंटीखाली जाड रबर टाका आणि वेळ काकांना विचारूनच ठरवा, निम्मी तक्रार तिथंच मिटते.

घरपट्टी बिगरनिवासी दरानं लावायला निघाले तर हरकत घेता येते, मुदत नोटिशीवरच असते. सोसायटीचे उपविधी वेगळे, ते वाचून घ्या.

खाण्याच्या पदार्थांचं रजिस्ट्रेशन महापालिकेकडं नसतं, ते अन्नसुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं. छोट्या उलाढालीला नुसतं रजिस्ट्रेशन लागतं, ऑनलाइन होतं. हे नसेल तर काकांच्या आधी हे उरका, कारण इथं चूक सरळ तुमचीच धरली जाईल. वीजबिलाचंही बघा, घरातून छोटा धंदा असला तरी महिन्याला ३०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दर राहतो, उन्हाळ्यात एसी आणि घरघंटी दोन्ही चालू असले की तो आकडा पटकन ओलांडतो.