इलिच हे आडनाव नव्हे

प्रश्न असा आहे: संगीतकार प्योत्र इलिच चायकोव्हस्की, क्रांतिनेता व्लादिमीर इलिच लेनिन आणि सोव्हिएत नेता लिओनिद इलिच ब्रेझनेव्ह, तिघांच्याही नावात 'इलिच' येतं, तर हे एकाच घराण्यातले का? नाही. तिघांच्या वडिलांचं नाव इल्या होतं, संबंध तेवढाच. चायकोव्हस्कीचे वडील खाणखात्यात इंजिनिअर, लेनिनचे शाळा-निरीक्षक.

रशियन नावही आपल्यासारखंच, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. फक्त वडिलांच्या नावाला प्रत्यय लागतो. इव्हानचा मुलगा इव्हानोविच, मुलगी इव्हानोव्हना. सेर्गेईचा सेर्गेयेविच, मुलगी सेर्गेयेव्हना. 'आ'कारान्त पुरुषनावं वेगळी चालतात: इल्याचा इलिच, कुझ्माचा कुझ्मिच, निकिताचा निकितिच. घोळ होतो मुलींच्या रूपात. निकिताची मुलगी सरळ निकितिच्ना, पण इल्याची मात्र इल्यिनिच्ना. लेनिनची बहीण मारिया इल्यिनिच्ना. 'इलिचना' असं रूपच नाही. त्यात आणखी गंमत, लिहिताना 'च' पण बोलताना 'श': इल्यिनिश्ना.

मराठी माणूस हमखास चुकतो तो बायकोच्या नावात. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं. रशियात वडिलांचंच जन्मभर राहतं. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया ही शेवटपर्यंत नादेझ्दा कॉन्स्टान्टिनोव्हना. तिथे 'व्लादिमीर' शोधू नका.

'इल्या इलिच मेच्निकोव्ह' हे वाचून छपाईची चूक वाटते, पण बापलेकांचं नाव खरंच एक होतं. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि 1908 चं नोबेल पॉल एर्लिखबरोबर मिळवणारे ते हेच.

मान देऊन हाक मारायची तर नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव नाही: 'लिओनिद इलिच'. आपल्या 'साहेब'चं काम तिथे हे दुसरं पद करतं. त्यामुळे 'मिस्टर इलिच' लिहिणं चूकच. नुसतं 'इलिच' म्हणणं मात्र घरगुती जवळिकीचं, आपल्या 'तात्या-अण्णा'च्या वळणाचं. लेनिनला लोक तसंच म्हणत. म्हणून खेड्यापाड्यांत वीज आली तेव्हा छताला लोंबणारा उघडा बल्ब 'इलिचचा दिवा' झाला.

कोश किंवा सूची चाळताना आडनावाखाली बघा, 'इ'खाली ही माणसं सापडणार नाहीत. इलिच हे वडिलांवरून आलेलं नाव असतं, याला अपवाद 'कार्लोस द जॅकल' या कुख्यात दहशतवाद्याचा. व्हेनेझुएलातल्या त्याच्या मार्क्सवादी वडिलांनी तीन मुलांची नावं इलिच, लेनिन आणि व्लादिमीर अशी ठेवली. तिथे इलिच हे कार्लोसचं पाळण्यातलं नाव, वडील होसे.