वाचकांचे प्रश्न : कॉलेजचा वर्धापनदिन

प्र. आम्ही मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. 2026 च्या बॅनरवर '80 वा' लिहायचे की '81 वा', यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. – एक वाचक, कल्याण

उ. कॉलेज सुरू झाले 20 जून 1946 ला. पहिला वर्धापनदिन 1947 चा, म्हणून 20 जून 2026 ला 80 वा वर्धापनदिन. त्याच दिवशी 80 वर्षे पूर्ण होऊन 81 वे सुरू होते. बॅनरवर '80 वा वर्धापनदिन' किंवा '81 व्या वर्षात पदार्पण' यांपैकी एकच छापा. कॉलेज चालवणाऱ्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना मात्र 8 जुलै 1945 ची. ती तारीख कॉलेजच्या नावापुढे टाकू नका, स्मरणिकांमध्ये हा घोळ हमखास होतो.

वेळही आत्ताच ठरवा. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून बाबासाहेबांनी हे कॉलेज सकाळचे ठेवले. त्याचा सोहळा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवायचा म्हणजे कमालच! 20 जूनला शनिवार आहे आणि शनिवारी सगळ्यांनाच सुट्टी नसते. साडेसात ते दहा ही वेळ धरा. भर पावसाळा आहे, तेव्हा मांडवाच्या भानगडीत न पडता सभागृह घ्या. नाश्ता शेवटी नको, सुरुवातीला द्या. लोक उपाशीपोटी लोकल पकडून आलेले असतात.

प्र. आमच्याही कॉलेजचा वर्धापनदिन आहे. पहिल्या वर्षाचे जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदींची वही) प्रदर्शनात मांडायचे आहे. लॅमिनेशन करावे का? – माजी विद्यार्थी संघ, नाशिक

उ. लॅमिनेशन अजिबात नको. ते परत काढता येत नाही, काढायला गेलात तर कागदासकट निघते. फाटलेल्या पानांना सेलोटेपही लावू नका. गोंद पिवळा पडतो आणि डाग अक्षरांवर उतरतो. मूळ रजिस्टर कपाटातच राहू द्या, प्रदर्शनात छायाप्रती लावा.

फोटो काढताना रजिस्टर जबरदस्तीने सपाट उघडू नका, शिवण उसवते. दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडी घातलेले टॉवेल ठेवा म्हणजे पुठ्ठे तिरके टेकतील. कॅमेरा पानाला समांतर, दोन दिवे दोन्ही बाजूंनी तिरके, फ्लॅश बंद. प्रिंट ए-3 आकारात काढा.

खरी अडचण पुढेच आहे. त्या पानावर नाव, जन्मतारीख आणि 'धर्म व जात' असे रकाने शेजारी-शेजारी असतात. पान तसेच भिंतीवर लावले की दोन-तीन पिढ्यांनंतरही एखाद्या घराची जात चारचौघांत वाचली जाते. समोर उभ्या नातीला ते हवे आहे की नाही, हे आपण तिला विचारलेले नसते. छायाप्रतीवर तो रकाना आणि जन्मतारीख कोऱ्या पट्टीने झाका. पट्टी सगळ्यांच्या नावांपुढे हवी, निवडक नको. नाहीतर झाकलेलेच जास्त बोलते.

'मग कॉलेजने काय केले ते दिसणार कसे?' असे समितीत कोणी म्हणेलच. त्यासाठी नावे वगळून मोजदाद करा : कोणत्या समाजगटातले किती, मुली किती, पालकांचा व्यवसाय शेतमजुरी किंवा गिरणीकाम असलेले किती, बाहेरगावचे किती. दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि आकडे ताडून पाहावेत. एखाद्या गटात दोन-तीनच जण असतील तर तो जवळच्या गटात मिसळा, नाहीतर माणूस ओळखू येतो.

प्र. स्मरणिकेचे लेख टाइप होऊन आले, पण लावताना जोडाक्षरे तुटतात. – संपादक मंडळ, सातारा

उ. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ श्रीलिपीत, टाइप केलेला असणार. युनिकोडमध्ये (सगळ्या संगणक-मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) बदलताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. बदल मुद्रितशोधनाच्या आधी करून घ्या. नंतर केलात तर शोधन पुन्हा पहिल्यापासून. 'वर्ष', 'कार्यकर्ता', 'स्थिती', 'तऱ्हा' एवढे शब्द शोधून पाहिले की घोटाळा कळतो.

पाने सोळाच्या पटीत ठरवा, 80 किंवा 96. 83 पाने झाली तर उरलेली 13 कोरी जातात किंवा शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरतात. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो मोठा छापायचा असेल तर 1200 डीपीआयला स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको.

प्र. अमेरिकेतले माजी विद्यार्थी गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे पाठवायला तयार आहेत. घ्यावेत? – खजिनदार, पुणे

उ. आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे धरले जातात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरीही. त्यासाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर नम्रपणे नकार द्या. 'माझ्या खात्यात टाका, मी भरतो' हा मार्ग तर मुळीच नको.

समजा, शिष्यवृत्तीसाठी 10 लाख जमले. त्यांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 65 हजार येतात. 15 हजार मुद्दलात परत टाका, 50 हजार दहा जणांना द्या. व्याज मेअखेर हाती येईल अशी ठेव ठेवा, कारण फी जून-जुलैत भरायची असते. आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर पाठवा, वर्धापनदिनी व्यासपीठावर बोलावून पाकिटे वाटू नका.